आधी वही, मग ग्रंथ: तत्त्वज्ञान, धर्म आणि नीतिशास्त्र स्वतः वाचायचं ठरवलेल्यांसाठी

वाचनालयातून 'गीतारहस्य' घरी येतं. पहिली चाळीस पानं दोन दिवसांत उरकतात, मग तीन आठवडे ते टीव्हीशेजारी पडून राहतं आणि शेवटी दंड भरून परत जातं. आपलं आपण तत्त्वज्ञान वाचायला निघालेल्या बहुतेकांची गाडी अशीच कुठेतरी अडते. यात बुद्धीचा दोष नसतो, क्रम चुकलेला असतो. शिक्षक नाही, परीक्षा नाही, सोबत वाचणारं कोणी नाही. मग थेट कपाटातल्या सगळ्यात जाड पुस्तकाला हात घातला जातो.

पुढची आखणी सहा महिन्यांची आहे. रोज पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस. हिशेब केला तर जेमतेम ९७ तास भरतात. तेवढ्यात कोणी पंडित होत नाही. पण कुठलाही ग्रंथ उघडून 'हा माणूस नेमकं काय म्हणतोय आणि कशाच्या जोरावर म्हणतोय' एवढं विचारता येऊ लागतं. रविवारी एका दमात चार तास बसायचा मोह टाळा. या विषयात आज अडलेलं वाक्य उद्या आपोआप सुटतं, त्याच दिवशी रेटलं तर फक्त डोळे पुढे सरकतात.

प्रश्न लिहून काढा

'मला तत्त्वज्ञान वाचायचंय' हा प्रश्न नाही, ती हौस आहे. वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा आणि त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह यायलाच हवं. खोटं बोलणं कधी योग्य ठरतं का? देव आहे हे कशावरून म्हणायचं? मेल्यावर काही उरतं का? दुसऱ्याची श्रद्धा चुकीची वाटली तर ते बोलून दाखवायचा अधिकार मला आहे का? सहा महिने हा प्रश्न बदलायचा नाही. बदलावासा वाटला तर खाली तारीख घालून नवा लिहा, जुना खोडू नका.

मग तो प्रश्न कोणत्या खात्यातला आहे ते पाहा. कोल्हापूरकराला हे शिकायला पंचगंगेच्या घाटावरचंच उदाहरण पुरेल. १८९९ साली कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदोक्त, म्हणजे वेदांतल्या, मंत्रांऐवजी पुराणोक्त, म्हणजे पुराणांतले, मंत्र म्हटले जात असल्याचं लक्षात आलं आणि वेदोक्त प्रकरण पेटलं. आपण एक वाद म्हणून त्याची आठवण काढतो, पण आत निदान चार खात्यांतले प्रश्न आहेत. वेदोक्त विधीचा अधिकार कुणाला, याबद्दल ग्रंथ काय सांगतात? हा ग्रंथार्थाचा प्रश्न. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक कोणत्या विधीने झाला? हा इतिहासाचा. ग्रंथात लिहिलंय म्हणून ते खरं, असं का मानायचं, आणि वर्ण ही खरोखर असणारी गोष्ट आहे की माणसांनी ठरवलेली? हे तत्त्वज्ञानाचे. जन्मावरून एखाद्याचा मान नाकारणं न्याय्य आहे का? हा नीतीचा.

यातल्या एकाचं उत्तर दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. ग्रंथात अधिकार नाकारलाय असं निर्विवाद सिद्ध झालं तरी तो नाकारणं न्याय्य आहे का, हा प्रश्न जागच्या जागी उभा राहतो. उलट बाजूने, न्याय आपल्या बाजूला आहे म्हणून ग्रंथात तसंच लिहिलं असेल असंही धरता येत नाही. ही दुसरी चूक सुधारकी वळणाच्या वाचकांकडून जास्त होते.

पहिल्या आठवड्याचा स्वाध्याय इथेच घ्या. पुढच्या वीस वर्षांत शाहू महाराजांनी सत्यशोधक समाजाला बळ दिलं, आर्यसमाजाला कोल्हापुरात आणलं आणि १९२० साली क्षात्रजगद्गुरूंचं पीठही निर्माण केलं. वरवर पाहता तिन्ही एकाच दिशेची पावलं. पण सत्यशोधकांचं म्हणणं, निर्मिक, म्हणजे जगाचा निर्माता, आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको. आर्यसमाजाचं म्हणणं, वेद प्रमाणच, वर्ण मात्र जन्मावरून ठरत नाही. आणि स्वतंत्र पीठ म्हणजे धर्मगुरू हवा, पण आपला. वरच्या चारपैकी कोणत्या खात्यातल्या प्रश्नाला कोण उत्तर देतंय ते एका पानात लिहा. जमलं तर समजा, पाया पडला.

सामान

दोनशे पानी दोन वह्या. पहिलीत डावं पान ग्रंथाचं, उजवं तुमचं. डावीकडे फक्त लेखक काय म्हणतो ते, तुमच्या शब्दांत. उजवीकडे शंका, राग, आठवण, विरोध, काहीही. ही फाळणी पाळली नाही तर दोन महिन्यांनी वही उघडल्यावर 'हे कोण म्हणालं, मी की शंकराचार्य' असा घोळ होतो, आणि तो नंतर निस्तरता येत नाही. दुसरी वही शब्दांची, एका शब्दाला एक अख्खं पान. ती कशाला, ते पुढे येईल.

पुस्तकासाठी करवीर नगर वाचन मंदिरापासून सुरुवात करा. १८५० पासूनची संस्था आहे, जुनी मराठी पुस्तकं हवी असतील तर दुसरीकडे कशाला वणवण करायची. सभासदत्वाला जाताना ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि दोन फोटो बरोबर ठेवा म्हणजे दुसरा हेलपाटा पडत नाही. तिथे कादंबऱ्यांच्या कपाटाकडे न वळता संदर्भग्रंथ कुठे आहेत ते विचारा. तुमच्या कामाचे संच दोन. एक मराठी विश्वकोश. दुसरा दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली १९७४ साली निघालेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश. असे संच कुठल्याही वाचनालयात सहसा घरी देत नाहीत, तेव्हा आठवड्यातला एक दिवस तिथेच बसायचा ठेवा. विद्यापीठातल्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयातही बरंच मिळेल, मात्र बाहेरच्या वाचकासाठी काय नियम आहेत ते आधी विचारून मगच सागरमाळाच्या बाजूला गाडी वळवा.

विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकंही तशीच मिळतात. इंग्रजी चालत असेल तर स्टॅनफर्ड विद्यापीठाचा ऑनलाइन तत्त्वज्ञानकोश आहे, तोही विनामूल्य. फक्त त्यातला लेख नवख्याने पहिल्या दोन परिच्छेदांपुरताच वाचावा, पुढे तो जाणकारांसाठी लिहिलेला असतो. वाचताना फोन दुसऱ्या खोलीत. कोश बघायला म्हणून उचललेला फोन पंधरा मिनिटं खातो.

पहिला महिना: पुस्तक नाही, धूर

पहिले चार आठवडे एकही तात्त्विक ग्रंथ उघडू नका. या काळात अनुमान मांडायला शिका. दर्शन म्हणजे आपल्याकडची तत्त्वज्ञानाची शाखा; त्यातल्या तर्काच्या शाखेने, न्यायदर्शनाने, दिलेले पाच अवयव त्यासाठी उत्तम आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पोथीतल्या उदाहरणात धूर पर्वतावर दिसतो. तो पर्वत सोडा, आपलं गुऱ्हाळ घ्या. उसाच्या फडापलीकडून धूर वर येताना दिसतो.

प्रतिज्ञा: तिथे आग आहे.
हेतू: कारण तिथून धूर येतोय.
उदाहरण: जिथे जिथे धूर, तिथे तिथे आग, जशी आपल्या परसातल्या पाण्याच्या बंबात.
उपनय: त्या फडापलीकडेही तसाच धूर आहे.
निगमन: म्हणून तिथे आग आहे.

आता हेच कोणी घाईत सांगेल: 'धूर दिसतोय, गुऱ्हाळ चालू झालं, चला काकवी आणू.' जाऊन बघावं तर ऊस तुटून गेलेल्या रानात पाचट पेटवलेलं. अनुमान कुठे फसलं? धुराने आग सिद्ध झाली, चुलवाण सिद्ध झालं नाही. हेतू जेवढं पेलतो त्यापेक्षा प्रतिज्ञा मोठी होती. ईश्वर, आत्मा, पुनर्जन्म यांच्या बाजूने आणि विरुद्ध केले जाणारे निम्मे युक्तिवाद नेमके इथेच घसरतात. जगाला कारण असलं पाहिजे इथवर कोणी आणून सोडतो आणि पुढच्याच वाक्यात ते कारण दयाळू असतं, प्रार्थना ऐकतं. मधली पायरी पाचटात जळाली.

आणखी दोन बिघाड ओळखून ठेवा. डिसेंबरात पहाटे पंचगंगेकाठी जे दिसतं ते धुकं असतं, त्यालाच धूर समजून आग सांगितली तर मुळात हेतूच तिथे नाही. याला असिद्ध म्हणतात. आणि 'आग आहे म्हणून धूर असणारच' असं उलटं लावलं तर लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडाचा तुकडा समोर येतो: आग आहे, धूर नाही. हा सव्यभिचार. पाच हेत्वाभासांपैकी, म्हणजे हेतूच्या दोषांपैकी, हे दोन पक्के झाले की सध्या पुरे.

रोज एक युक्तिवाद घ्या आणि पाच ओळींत मांडा. अग्रलेख, कीर्तन, व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप, चहाच्या गाड्यावरची चर्चा, कुठूनही. चार आठवड्यांत वीस होतील. बहुतेकांत तिसरी ओळ गायब आढळेल, म्हणजे 'जिथे जिथे' हा नियम कोणी सांगितलेलाच नसतो, तो तुम्ही मनातल्या मनात भरून घेतलेला असतो. तो लिहून काढला की अनेक भारदस्त वाक्यं तिथल्या तिथे मान टाकतात. आपल्याला पटणाऱ्या वाक्यांचीही अशीच चिरफाड करा. निम्मी तरी तशी घ्याच.

शब्दवही

मराठी वाचकाची अडचण शब्द अनोळखी असण्याची नाहीच, ते फार ओळखीचे असण्याची आहे. 'धर्म' हा शब्द बघा. रोजच्या बोलण्यात तो पंथ. गीतेत कर्तव्य. न्यायदर्शनात वस्तूचा गुणविशेष: धूर ज्यावर आहे तो पर्वत धर्मी आणि त्यावरची आग हा धर्म. बौद्धांचा धम्म वेगळा. आणि जैन तत्त्वज्ञानात सहा द्रव्यांपैकी एकाचं नाव धर्म आहे, जे गतीला साहाय्य करतं. माशाला पाणी जसं. जैन ग्रंथातलं ते प्रकरण 'कर्तव्य' हा अर्थ डोक्यात ठेवून वाचलं तर एकही वाक्य लागत नाही, आणि वाचक समजतो आपलीच अक्कल तोकडी.

'पुद्गल' जैनांत जडद्रव्य, बौद्धांत व्यक्ती. 'कर्म' मीमांसेत (वेदांतल्या विधींचा अर्थ लावणारं दर्शन) मुख्यतः विधी, वैशेषिकांत (पदार्थांचे प्रकार पाडणारं दर्शन) निव्वळ हालचाल, जैनांत जिवाला चिकटणारे सूक्ष्म जडकण. 'प्रमाण' म्हणजे माप नव्हे, ज्ञान मिळवण्याचं साधन. 'नास्तिक' म्हणजे देव न मानणारा असं आपण सर्रास म्हणतो. दर्शनांच्या जुन्या विभागणीत वेदांचं प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. म्हणूनच जगाचा कर्ता ईश्वर न मानणारी मीमांसा आस्तिकांच्या पंक्तीत बसते.

प्रत्येक पानावर शब्द, कोणाच्या ग्रंथात, कोणत्या अर्थाने, आणि ते वाक्य जसंच्या तसं, एवढं नोंदवा. शब्दकोशातला अर्थ उतरवू नका. सहा महिन्यांत पन्नास शब्द झाले तर खूप झाले.

एक पान कसं वाचायचं

पाऊण तासात चार-पाच पानं हा चांगला वेग आहे. भाष्य किंवा टीका असेल तर दीड पान. कमी झालं म्हणून खंत करू नका.

पहिल्यांदा पेन्सिल न घेता सलग वाचा. दुसऱ्या वाचनात फक्त एक गोष्ट शोधायची: हे वाक्य कोण बोलतंय? आपल्याकडच्या शास्त्रग्रंथात आधी विरोधकाचं म्हणणं येतं, तो पूर्वपक्ष. तो इतका जोरकस मांडलेला असतो की नवखा त्यालाच ग्रंथकाराचं मत समजून वहीत उतरवतो आणि पुढच्या पानावर सगळं उलटं निघाल्यावर 'हे लोक दोन्हीकडून बोलतात' म्हणून पुस्तक मिटतो. खुणा ठरलेल्या असतात. संस्कृतात 'ननु' आणि 'इति चेत्'. मराठीत 'कोणी म्हणेल', 'यावर अशी शंका येते की', 'असा आक्षेप घेतला जातो'. ही खूण दिसली की समासात चिठ्ठीवर 'पू' लिहून चिकटवा. ग्रंथकार उत्तर द्यायला लागला की 'उ'. पुस्तक वाचनालयाचं असेल तर छापील पानाला पेन्सिलसुद्धा लावू नका.

तिसऱ्या वाचनात निष्कर्ष शोधा, तो बहुधा एकाच वाक्यात असतो. चौथ्यात त्यामागचं कारण. मग पुस्तक मिटून डावं पान लिहा. उघड्या पुस्तकावरून लिहिलेली टिपणं म्हणजे नुसती नक्कल होते. लेखकाच्या शब्दांवाचून मांडता आलं नाही तर ते अजून कळलेलं नाही, उद्या तेच पान पुन्हा.

स्पर्धा परीक्षेच्या जी.एस. चारची, म्हणजे नीतिशास्त्राच्या पेपरची, टिपणं वाचून नीतिशास्त्र झालं असं समजणारे बरेच भेटतात. त्या टिपणांत फक्त निष्कर्ष असतात, कारणं गाळलेली असतात. परीक्षेला चालतं.

पुस्तकांचा क्रम

दुसरा महिना लहान मूळ ग्रंथांचा. लहान यासाठी, की पूर्ण झाल्याचं समाधान मिळतं आणि दोनदा वाचता येतो. प्लेटोचा 'युथिफ्रो' हा संवाद घ्या, एका बैठकीत उरकेल इतका छोटा आहे. सॉक्रेटिसवर खटला होण्याआधीचा, म्हणजे इसवी सनपूर्व ३९९ मधला प्रसंग. युथिफ्रो स्वतःच्या बापावर मनुष्यवधाची फिर्याद घालायला निघालाय आणि हे पवित्र कृत्य आहे अशी त्याची खात्री आहे. सॉक्रेटिस विचारतो, देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? हा एक प्रश्न धर्म आणि नीती यांच्या सांध्यावर बोट ठेवतो. पहिला पर्याय घेतला तर उद्या देवाला क्रूरपणा आवडला तर तोही पवित्र. दुसरा घेतला तर चांगलं-वाईट देवाच्या आवडीवर अवलंबून नाही. इथे देवांच्या जागी वेद, परंपरा, राज्यघटना, घरातली वडीलधारी मंडळी असं काहीही घालून बघा. प्रश्न तितकाच टोचतो.

त्याच्या जोडीला ईशावास्य उपनिषद, मंत्र अठराच. एका आठवड्यात दोन वेगळ्या भाष्यकारांचे अर्थ शेजारी ठेवून वाचा. एकाच मंत्राचे दोन अर्थ कसे निघतात ते तिथे समजतं. मग धम्मपद, ४२३ गाथा. ते सलग न वाचता रोज एक वर्ग, म्हणजे प्रकरण. संध्याकाळी मन थकलेलं असताना विनोबांची गीता-प्रवचनं चालतात. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली अठरा प्रवचनं साने गुरुजींनी उतरून घेतली, आणि ती बोलल्यासारखीच वाचली जातात.

तिसऱ्या महिन्यात परिचयग्रंथ. श्रीनिवास दीक्षितांचं 'भारतीय तत्त्वज्ञान' कोल्हापुरातूनच प्रसिद्ध झालेलं आहे आणि अभ्यासक्रमाला लावलेल्या पुस्तकाच्या वळणाचं असलं तरी मांडणी स्वच्छ आहे. ते वेदांपासून सुरू न करता चार्वाकापासून करा. कारण असं: चार्वाक एकच प्रमाण मानतात, प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना जाणवणारं. बौद्ध दोन, त्यात अनुमानाची भर. सांख्य तीन, शब्द आला, म्हणजे विश्वासू वचन. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, चार, उपमान आलं, म्हणजे साम्यावरून ओळखणं. मीमांसकांपैकी प्रभाकराचे अनुयायी पाच, कुमारिल भट्टाचे (भाट्ट) आणि शंकराचार्यांचे अद्वैती सहा. या शिडीने चढलं की प्रत्येक दर्शन आधीच्यापेक्षा काय जास्तीचं मागतंय ते दिसतं. काळाच्या क्रमाने गेलं तर नुसती नावांची यादी पाठ होते.

आता 'गीतारहस्य' काढा, पण पहिलं प्रकरण सोडा. दुसरं, 'कर्मजिज्ञासा', तिथून सुरुवात. टिळकांनी तिथे हॅम्लेटपासून महाभारतापर्यंत कर्तव्याचे पेच एकत्र आणलेत. अहिंसा, सत्य यांना अपवाद कुठे, याची चर्चा आहे. मग चौथं 'आधिभौतिक सुखवाद' आणि पाचवं 'सुखदुःखविवेक'. एवढी तीनच प्रकरणं. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली छापलेला ग्रंथ आहे, त्यामुळे वाक्यं लांब. मोठ्याने वाचली की सुटतात. आणि टिळक पाश्चात्त्य उपयुक्ततावाद (ज्याने जास्तीत जास्त लोकांचं सुख वाढतं ते योग्य, हे मत) सांगतात तो खोडून काढण्यासाठी, हे लक्षात ठेवा. त्याचा इंग्रज पुरस्कर्ता जॉन स्टुअर्ट मिल, त्याचं म्हणणं त्याच्याकडूनच ऐकावं. त्याचा 'युटिलिटेरियनिझम' हा निबंध काही फार मोठा नाही.

नीती: एकच प्रसंग, तीन ग्रंथ

चौथ्या महिन्यात नीतीतले निरनिराळे सिद्धांत शिकण्याऐवजी एक प्रसंग धरा आणि तो वेगवेगळ्या ग्रंथांतून फिरवा. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिकाचं सत्याचं व्रत. लुटारूंपासून पळालेली माणसं त्याच्या जवळच्या रानात लपतात, लुटारू येऊन विचारतात, कौशिक खरं सांगतो. माणसं मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. १७९७ साली जर्मन तत्त्वज्ञ कांटने एका छोट्या निबंधात जवळजवळ हाच प्रसंग घेतला: मित्र घरात लपलाय, दारात खुनी उभा राहून विचारतोय. कांटचं उत्तर, तरीही खोटं बोलता येणार नाही. आणि प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पहिल्या भागात विचारलं जातं, शहाणपणी ठेवायला दिलेलं शस्त्र मित्र वेडाच्या भरात परत मागायला आला तर द्यावं का?

'कृष्ण व्यवहारी, कांट हेकट' असं म्हणून पान उलटू नका. कांटचं कारण पाच अवयवांत मांडून बघा. परिणामांचा अंदाज माझ्या हातात नाही. मी खोटं सांगितलं आणि मित्र दरम्यान मागच्या दाराने निघून नेमका खुन्याच्या वाटेत सापडला, तर त्या मृत्यूत माझ्या खोट्याचा हात असेल. आणि खरेपणात सोयीप्रमाणे अपवाद धरले तर शब्दावर विसंबून चालणारा सगळा व्यवहारच ढिला होतो. मग कृष्णाचं कारण: जे प्राण्यांचं धारण करतं तो धर्म, आणि सत्य हे त्या धारणेसाठी आहे. आता उजव्या पानावर तुमच्या घरातला एखादा प्रसंग घ्या, म्हणजे दवाखान्यातून आलेला रिपोर्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांगायचा की नाही. इथे खुनी नाही, घाई नाही, ज्याच्याबद्दल लपवायचं तोच विचारणारा आहे. कौशिकाचं उत्तर इथे तसंच लागू होतं का? हा फरक दोन पानं भरून लिहिता आला की उपयुक्ततावाद आणि कर्तव्यवाद (परिणाम काहीही होवो, कर्तव्य पाळायचंच) यांच्या व्याख्या पाठ करायची गरज उरत नाही.

धर्म: ग्रंथ आणि उंबरठा

धर्माचा अभ्यास नुसत्या ग्रंथावर केला तर अर्धवट राहतो, कारण बहुतेक माणसं धर्म वाचत नाहीत, करतात. पाचव्या महिन्यात प्रत्येक आठवड्याला एक ठिकाण घ्या. शुक्रवार पेठेतला लक्ष्मीसेन जैन मठ आहे, दसरा चौकात १९०६ सालचं मुस्लिम बोर्डिंग आहे, वायल्डर मेमोरियल चर्च आहे, जवळचं बुद्धविहार आहे. अंबाबाईच्या देवळात तर आपण जातोच, पण एकदा दर्शनाला न जाता पाहायला जा. किरणोत्सवाच्या दिवसांत, नोव्हेंबरात किंवा जानेवारीअखेर, किरणं मूर्तीच्या कोणत्या भागापर्यंत पोचली याची चर्चा सगळं गाव करतं. ती मोजायची गोष्ट झाली. ती पोचल्याने भाविकाला काय वाटतं हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मोजपट्टीने निघत नाही.

शिष्टाचार साधे आहेत. आधी विचारून जा, फोटो काढू नका, सामुदायिक प्रार्थनेच्या वेळी मागे बसा. 'यात तथ्य काय' असं न विचारता 'हे असं का करतात' असं विचारा. पहिल्या प्रश्नाने माणूस बचावात जातो. पुजाऱ्यापेक्षा किंवा स्वामींपेक्षा नित्य येणाऱ्या आजीला विचारलेलं जास्त कामी येतं. घरी आल्यावर त्याच रात्री लिहा. पाहिलेलं डावीकडे, वाटलेलं उजवीकडे.

मग एखादी आचारपद्धती ग्रंथाशी जोडून बघा. शिरोळ-हातकणंगले भागातल्या घरांना सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचं जैन व्रत, हा शब्द परका नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी ती आत्महत्येच्या पंक्तीत बसवली आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. जैन बाजू समजून घ्यायची तर 'तत्त्वार्थसूत्रा'च्या सातव्या अध्यायातलं सल्लेखनेवरचं सूत्र आणि त्यावरची पूज्यपादांची 'सर्वार्थसिद्धी' वाचा. युक्तिवाद असा, की आत्मघातामागे राग, द्वेष, मोह असतात, सल्लेखनेत ते नसतात. आता तुमची वही उघडा. हा हेतू असिद्ध तर नाही? मोह नाही हे बाहेरून कळणार कसं? आणि कायद्याने कृतीकडे बघावं की वृत्तीकडे? ग्रंथार्थ, तत्त्वज्ञान आणि नीती ही खाती पुन्हा समोर येतात, फक्त इतिहासाच्या जागी कायदा आला.

हेच सूत्र शोधताना एक गोची होते. दिगंबर पाठात ते ७.२२ आहे, श्वेतांबर पाठात ७.१७. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांचे क्रमांकही आवृत्तीनुसार मागेपुढे होतात. म्हणून संदर्भ लिहिताना आवृत्ती आणि संपादकाचं नाव नोंदवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. प्लेटोच्या भाषांतरांत समासात छोटे आकडे आणि अक्षरं असतात, ती १५७८ सालच्या छापील आवृत्तीची पानं. भाषांतर कोणतंही असो, 'युथिफ्रो'मधला तो प्रश्न १० अ या खुणेशीच सापडेल. पान क्रमांकाऐवजी ही खूण लिहा. चांगली संपादित आवृत्ती कशी असते ते बघायचं असेल तर राजाराम कॉलेजात अर्धमागधी ही जैन ग्रंथांची प्राकृत भाषा शिकवणाऱ्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी १९३५ साली काढलेली 'प्रवचनसार' या जैन ग्रंथाची आवृत्ती एकदा हाताळून बघा, निदान तिची लांबलचक प्रस्तावना.

बिघडतं ते असं

तिसऱ्या महिन्यात बहुतेकांची वही बंद पडते. वाचन चालू राहतं, लिहिणं थांबतं, आणि मग आठवड्याभरात वाचनही थांबतं. पाऊण तासातली शेवटची पंधरा मिनिटं लिहिण्याची म्हणून आधीच बाजूला काढा.

दुसरा आजार एकाच गोटाचं वाचणं. फक्त वेदान्त किंवा फक्त बुद्धिप्रामाण्यवाद. महात्मा फुल्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' आणि आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचणाऱ्याने शांकरभाष्याचा एखादा भागही वाचावा, आणि उलट बाजूच्यानेही. वाचून मत बदलायलाच हवं असं नाही, पण विरोधकाचं म्हणणं त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत लिहिता येतं का, ते तपासा.

तिसरा, व्याख्यानांचे व्हिडिओ. ऐकायला गोड, पण थांबवून मागे जाऊन 'कोण बोलतंय' हे कोणी तपासत नाही. महिन्याला दोन पुरेत.

सोबत एक माणूस मिळाला तर फार बरं. गट नको, पाचजण जमले की मिसळीचा कट लाल की काळा यावर गाडी जाते. एकच माणूस, पंधरा दिवसांतून एकदा रंकाळ्यावर फेरी, आणि अट एवढीच की फेरीच्या पहिल्या निम्म्यात एकाने दुसऱ्याचं मत सांगायचं, आपलं नाही.

सहाव्या महिन्यात नवं पुस्तक आणू नका. पहिल्या पानावरचा प्रश्न पुन्हा वाचा आणि त्यावर दीड हजार शब्द लिहा: पूर्वपक्ष पाचशे, उत्तर पाचशे, आणि उत्तरात कुठे पाचट जळतंय असा संशय येतो ते पाचशे. शेवटचा भाग लिहिताना कोणता ग्रंथ हाताशी हवा होता असं वाटेल, त्याचं नाव मागच्या पानावर टाका. दुसऱ्या सहामाहीतलं पहिलं पुस्तक तेच.